संकोच आणि ओळख

स्त्रीच्या छातीत गाठ आली तर ती कोणास दाखवावी, हा प्रश्न मुंबईत फार जुना आहे. परपुरुषापुढे, मग तो डॉक्टर का असेना, अंग उघडे करण्यापेक्षा दुखणे सोसलेले बरे, असे मानणाऱ्या स्त्रिया घरोघर होत्या. त्यांच्यासाठी १८८६ साली कामा इस्पितळ उघडले. तेथे तपासणाऱ्याही स्त्रियाच होत्या, डॉ. ईडिथ पीची या त्यांतील अग्रणी होत.

पुढे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. १९५० साली अंधेरी व घाटकोपर, आणि १९५७ साली बोरिवली व मुलुंड ही उपनगरे बृहन्मुंबईच्या हद्दीत आली. १९६३ पासून या साऱ्या प्रदेशातील कर्करोगाची पद्धतशीर नोंद होऊ लागली. आरंभी स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक आढळे. पुढील दशकांत ते पहिले स्थान स्तनाच्या कर्करोगाने घेतले. परंतु नोंद झाली म्हणून स्त्री वेळेवर इस्पितळात येते, असे नाही.

तेव्हा प्रत्येक स्त्रीने ठराविक रीतीने स्वतःचे स्तन तपासावेत, असा उपदेश जगभर होऊ लागला. चीनमधील शांघायच्या कापडगिरण्यांत २,६६,०६४ कामकरी स्त्रियांवर याची कसोटी घेतली गेली. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो अनपेक्षित होता. ज्यांना तपासणी शिकविली त्यांच्यातील मृत्यू घटले नाहीत. उलट निरुपद्रवी गाठींचे तुकडे काढून तपासण्याचे प्रसंग मात्र वाढले.

यात नवल नाही. निरोगी स्तनही सर्वत्र सारखा मऊ नसतो. एक स्तन दुसऱ्याहून किंचित मोठा असणे स्वाभाविक आहे. मासिक पाळीपूर्वी स्तन जड होतात, ठणकतात, हातास गाठीगाठींचे लागतात. पाळीनंतर ते पूर्ववत होतात. गरोदरपणी ते वाढतात व स्तनाग्रे काळवंडतात. पाळी गेल्यावर दुग्धग्रंथींची जागा मेद घेतो आणि स्तन सैल पडतात. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. हे जिला ठाऊक नाही, तिला प्रत्येक फरकाचे भय वाटते किंवा कशाचेच वाटत नाही. आणि दोन्ही सारखेच घातक.

मुंबईने निराळा मार्ग धरला. १९९८ साली टाटा स्मारक रुग्णालयाचे डॉ. इंद्रनील मित्रा व त्यांचे सहकारी यांनी येथील झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटास रोगाची माहिती सांगून दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, स्तनांची हाताने तपासणी केली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. त्या शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. दुसऱ्या गटास एकवार माहिती तेवढी दिली.

वीस वर्षांच्या पाहणीचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या गटातील रुग्णांत रोग पुढच्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण शेकडा ३७ होते, तर दुसऱ्या गटात ४७. पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू शेकडा सुमारे ३० ने घटले. पन्नाशीच्या आत मात्र म्हणण्याजोगा फरक पडला नाही, हेही सांगितले पाहिजे.

कामा इस्पितळाने जो संकोच ओळखला होता, तोच या सेविकांनी दारोदार जाऊन दूर केला. आता उरते ते प्रत्येकीचे स्वतःचे काम. आपले नेहमीचे रूप कसे आहे, हे तिला ठाऊक असावे. पाळीनंतरही न जाणारी नवी गाठ, त्वचेवर पडलेली खळी, नव्याने आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारे रक्त, यांपैकी काही दिसले तर दुखत नाही म्हणून थांबू नये. आरंभीची कर्करोगाची गाठ बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच ती घात करते.