वेगळी पंगत : युनायटेड गोल्फर्स असोसिएशनचा इतिहास

व्यावसायिक गोल्फमध्ये ‘विकासस्तरीय मालिका’ ही कल्पना तशी अलीकडची आहे. अमेरिकेत स्त्रियांसाठी १९८१ साली फ्यूचर्स टूर आणि पुरुषांसाठी १९९० साली बेन होगन टूर सुरू झाली. आज या दोन्ही निराळ्या नावांनी चालू आहेत. दोहोंमागचा अलिखित करार एकच : खालच्या पायरीवर थोड्या बक्षिसासाठी खेळा, गुणवत्ता दाखवा, वरच्या पायरीवर जागा मिळेल. हा करार पाळला जाईल, या विश्वासावर तरुण खेळाडू उमेदीची चार-पाच वर्षे पणाला लावतात.

परंतु याच्या कितीतरी आधी अमेरिकेत देशभर चालणारी आणखी एक मालिका होती. तीत पुरुष खेळत आणि स्त्रियाही. तिने उत्तम खेळाडू घडवले. मात्र त्यांना वर चढण्याची शिडीच काढून घेतलेली होती. ही मालिका म्हणजे युनायटेड गोल्फर्स असोसिएशनच्या स्पर्धा. कृष्णवर्णीयांची ही वेगळी पंगत त्यांनी हौसेने मांडलेली नव्हती. मुख्य पंगतीतून उठवले गेल्यामुळे मांडावी लागली होती.

वास्तविक आरंभ इतका निराशाजनक नव्हता. १८९६ साली शिनेकॉक हिल्स येथे झालेल्या दुसऱ्या यू. एस. ओपन स्पर्धेत जॉन शिपन हा सोळा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा उतरला, तेव्हा काही खेळाडूंनी बहिष्काराची धमकी दिली. संघटनेचे अध्यक्ष थिओडोर हॅवमायर यांनी ती जुमानली नाही. शिपन खेळला आणि वरच्या खेळाडूंत त्याची गणना झाली. पुढच्या काळात मात्र दारे एकेक करून मिटत गेली. खासगी क्लबांत प्रवेश नव्हताच. अनेक शहरांत सार्वजनिक मैदानांवरही बंदी होती. मैदानावर कृष्णवर्णीय दिसे तो बहुधा दुसऱ्याची पिशवी वाहणारा कॅडी म्हणून.

या परिस्थितीत १९२५ साली वॉशिंग्टन येथे कृष्णवर्णीय गोल्फपटूंची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्या उभारणीत डॉक्टर, व्यावसायिक अशा सुस्थित मध्यमवर्गाचा मोठा वाटा होता. मॅसॅच्युसेट्समधील स्टो येथे रॉबर्ट हॉकिन्स यांनी उभारलेल्या मेपलडेल क्लबवर तिच्या सुरुवातीच्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. १९३० साली त्यांत स्त्रियांचा विभाग आला आणि मेरी थॉम्पसन पहिली विजेती ठरली. १९३७ मध्ये वॉशिंग्टनच्या स्त्रियांनी ‘वेक-रॉबिन’ हा स्वतःचा क्लब काढला. राजधानीत आपल्या लोकांना धड मैदान मिळावे यासाठी या क्लबाने जी खटपट केली, तिचाही वाटा १९३९ साली लँगस्टन मैदान सुरू होण्यात होता. पुरुषांना निदान तुटपुंजी बक्षिसे मिळत. स्त्रियांची स्पर्धा मुख्यतः हौशी स्वरूपाची राहिली. तरीही राष्ट्रीय पातळीवर आपला खेळ तोलून पाहण्याची दुसरी जागा त्यांना नव्हती.

इकडे संघटना रुजत असताना तिकडे व्यावसायिकांच्या पीजीए या संस्थेने १९३४ साली आपल्या घटनेतच सदस्यत्व श्वेतवर्णीयांपुरते मर्यादित केले. जे आजवर रिवाजाने चालत होते, ते आता नियम झाले.

टेड ऱ्होड्स आणि बिल स्पिलर हे या मालिकेतले दोन नामांकित खेळाडू. दोघांचाही जन्म १९१३चा. जानेवारी १९४८ मध्ये लॉस एंजेलिस ओपनमध्ये दोघांनी पहिल्या साठांत स्थान मिळवले. नियमानुसार पुढच्या रिचमंड ओपनमध्ये त्यांना थेट प्रवेश मिळायला हवा होता. पीजीएने तो नाकारला. मॅडिसन गंटर या तिसऱ्या खेळाडूसह त्यांनी ३,१५,००० डॉलर्सचा दावा गुदरला. भेदभाव करणार नाही, असे आश्वासन पीजीएने दिल्यावर दावा मागे घेतला गेला. त्यानंतर ‘खुल्या’ स्पर्धा ‘निमंत्रितांच्या’ होऊ लागल्या! निमंत्रण द्यायचे नाही, एवढेच केले की शब्द पाळल्यासारखेही झाले. १९५२ साली सॅन डिएगो येथे विख्यात मुष्टियोद्धा जो लुई याला हौशी खेळाडू म्हणून उतरू दिले. स्पिलर मात्र व्यावसायिक, म्हणून बाहेर.

अखेर हा प्रश्न कोर्टापेक्षा एका संभाषणाने हलला, असे म्हणता येईल. चरितार्थासाठी लॉस एंजेलिसच्या एका क्लबात कॅडीचे काम करणाऱ्या स्पिलरने आपली कहाणी एका सदस्याला सांगितली. ती कॅलिफोर्नियाचे महाधिवक्ता स्टॅन्ली मॉस्क यांच्यापर्यंत पोहोचली. हे कलम असेल तर आमच्या राज्यात स्पर्धा भरवता येणार नाहीत, अशी भूमिका मॉस्क यांनी घेतली. पीजीएने १९६२ची आपली अजिंक्यपद स्पर्धाच लॉस एंजेलिसहून पेनसिल्व्हेनियात हलवली. परंतु नोव्हेंबर १९६१ मध्ये कलम वगळावे लागले.

तेव्हा ऱ्होड्स आणि स्पिलर अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. चार्ली सिफर्ड एकोणचाळीसचा. सिफर्डने कृष्णवर्णीयांची राष्ट्रीय स्पर्धा सहा वेळा जिंकली होती, त्यांपैकी १९५२ ते १९५६ सलग पाच वर्षे. मुख्य मालिकेत त्याने १९६७ मध्ये हार्टफर्ड आणि १९६९ मध्ये लॉस एंजेलिस येथे विजय मिळवले. त्याच १९६९ साली ऱ्होड्स वारला. याच पंगतीत वाढलेला ली एल्डर १९७५ साली मास्टर्स स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. स्त्रियांमध्ये ॲन ग्रेगरी १९५६ साली राष्ट्रीय हौशी स्पर्धेत उतरली, १९६७ मध्ये रेने पॉवेल व्यावसायिकांच्या एलपीजीए मालिकेत आली.

दारे उघडली तशी वेगळी पंगत विरळ होत गेली. हा न्यायाचा विजय, यात शंका नाही. परंतु त्याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. मुख्य मालिकेने मूठभर सिद्ध खेळाडू घेतले. नवे घडवण्याची जबाबदारी घेतली नाही. विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या, कॅडीचे काम घटले आणि गरीब मुलांची मैदानाशी असलेली ती अपमानास्पद, पण एकमेव ओळखही तुटली. २०१० साली अल्पसंख्याक खेळाडूंसाठी एपीजीए टूर ही नवी विकासस्तरीय मालिका स्थापन करावी लागली, यातच बरेच काही आले.

२००९ मध्ये पीजीएने शिपन, ऱ्होड्स व स्पिलर यांना मरणोत्तर सदस्यत्व बहाल केले. हा सन्मान योग्यच होता. मात्र खेळाडूच्या आयुष्यात वयाची काही वर्षेच कामाची असतात. ती गेल्यावर मिळालेला न्याय इतिहासाच्या खात्यात जमा होतो, खेळाडूच्या नव्हे. खालची पायरी बांधणे सोपे असते; ती वरच्या पायरीला खरोखर जोडलेली आहे काय, हे प्रत्येक विकासस्तरीय मालिकेला विचारले पाहिजे.