घाट चढताना कानात काय असावं?



मागच्या भाषणात आम्ही आमच्या डोंगरवाटांबद्दल बोललो होतो. त्यानंतर बऱ्याच जणींनी एकच प्रश्न विचारला : "ट्रेकला जाताना तुम्ही मोबाईलवर काय ऐकता? चांगल्या पॉडकास्टची नावं सांगा ना!" नावं जरूर सांगतो. पण नुसती यादी वाचून दाखवण्यापेक्षा तुम्हाला बरोबरच घेऊन जातो. आपण कल्याणहून निघू आणि नाणेघाट चढू. कानात कधी काय असावं आणि कधी काहीच नसावं, हे आम्ही त्याच वाटेवर शिकलो.

आम्ही ठाणे, डोंबिवली आणि कल्याणच्या आठ-दहा जणी. महिन्यातून एक रविवार आमचा. आदल्या रात्री डब्याची तयारी, पहाटे लोकल, मग कल्याणच्या स्थानकातून माळशेजकडे जाणारी एसटी. मुरबाड, टोकावडे मागे टाकून वैशाखरे येईपर्यंत बसायचं. हा सगळा वेळ ऐकण्याचा.

ऐकण्याची सवय आपल्याला नवी नाही. मुंबईत नभोवाणी केंद्र सुरू झालं ते २३ जुलै १९२७ रोजी. पुढे आकाशवाणीवर 'वनिता मंडळ' लागायचं, तेव्हा आपल्या आया-आज्या हातातलं काम चालू ठेवूनच ते ऐकायच्या. पोळ्या लाटत, तांदूळ निवडत. बायकांचं ऐकणं बहुधा असंच असतं, हात गुंतलेले आणि कान मोकळे. अडचण एवढीच, की कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागायचा. त्याच वेळी दूध उतू गेलं की भाषण हुकलं! 'पॉडकास्ट' हा शब्द पहिल्यांदा छापून आला २००४ मध्ये, 'गार्डियन' या इंग्रजी वर्तमानपत्रात. आपल्यासाठी त्याचा खरा फायदा म्हणजे घड्याळाची सक्ती गेली. आपल्याला सवड होईल तेव्हा ऐकायचं.

आता नावं. इंग्रजी समजत असेल तर अनिरुद्ध कनिसेट्टी यांचं 'एकोज ऑफ इंडिया' ऐका. प्राचीन भारताचा इतिहास ते गोष्टीसारखा सांगतात. दुसरं माइक डंकन यांचं 'द हिस्टरी ऑफ रोम'. २००७ ते २०१२ अशी पाच वर्षं ते चाललं. आमच्यातली एक मैत्रीण हसून म्हणाली होती, "मुरबाडच्या एसटीत रोमचं काय काम?" काम आहे. तेच सांगायला बसलोय.

साधारण दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्या पुस्तकाला 'पेरिप्लस' म्हणतात. त्यात आपलं कल्याण आहे, 'कल्लिएना' या नावाने. तो लिहितो, की थोरल्या सरगनसच्या काळात ही रीतसर बाजारपेठ होती, पण सांदनेसच्या ताब्यात गेल्यापासून व्यापाराला अडथळे आले. चुकून इथे आलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला पाठवलं जाई. म्हणजे रोमच्या राज्यात कोणी मिरी आणि तलम सुती कापड मागितलं, की त्याची हालचाल आपल्या खाडीपर्यंत जाणवत होती. ज्या कल्याणला आपण लोकल बदलतो, तिथे जहाजांवरून राजकारण चालायचं. हे कळल्यापासून एसटीत रोमचा इतिहास ऐकताना आम्हाला तो परका वाटत नाही.

बंदरातला माल देशावर कसा जाई? सह्याद्री ओलांडून, जुन्नरमार्गे पैठणकडे. आणि सह्याद्री ओलांडायची वाट म्हणजे नाणेघाट. वैशाखऱ्याच्या पुढे उतरून चालायला लागलं, की आपण त्याच वाटेवर असतो.

इथे आमचा पहिला नियम : चढ सुरू झाला की इअरफोन पिशवीत. हा नियम आम्ही अनुभवातून केला. सुरुवातीच्या एका ट्रेकला आमची एक मैत्रीण कान बंद करून पुढे चालत राहिली. मागून आम्ही हाका मारतोय, तिला पत्ताच नाही. वाट चुकून ती ओढ्यात उतरली. अर्ध्या तासाने सापडली, पण त्या अर्ध्या तासात आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं. डोंगरात घरंगळणाऱ्या दगडाचा आवाज, ओढ्याचं वाढतं पाणी, पुढच्या बाईची हाक, हे ऐकू आलंच पाहिजे. पॉडकास्ट घरी येऊनही ऐकता येतं.

दोन-अडीच तास चढलं की खिंडीच्या तोंडाशी कातळात कोरलेली गुहा लागते. दम खात भिंतींकडे पाहिलं, की त्यांवर ओळीच्या ओळी ब्राह्मी अक्षरं दिसतात. १८२८ च्या उन्हाळ्यात विल्यम साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी इथे आला. त्याने अक्षरं पाहिली, पण ती वाचता येणारं कोणी तेव्हा नव्हतं. ब्राह्मी लिपी उलगडली जेम्स प्रिन्सेपने, १८३७ मध्ये. नंतर भगवानलाल इंद्रजींसारख्या विद्वानांनी इथे मेहनत घेतली आणि १८८३ मध्ये जॉर्ज ब्यूलर यांनी हे लेख अर्थासह छापले.

आणि काय निघालं त्यात? एका बाईने लिहवून घेतलेला मजकूर! सातवाहन राजा सातकर्णीची राणी नागनिका. पतीबरोबर केलेल्या अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची यादी तिने दिली आहे. दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांचे आकडेही आहेत. आपल्या देशातल्या आकड्यांच्या सर्वांत जुन्या खुणांमध्ये या भिंतीवरचे आकडे मोजले जातात. स्वतःबद्दल ती सांगते ते मात्र वेगळं आहे : महिना-महिना उपवास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखं जगणारी. ती कोणाची मुलगी, कोणाची आई, तेही त्यात आहे.

पण मैत्रिणींनो, या मोठ्या लेखात नेमका तिच्या नावाचा भाग झिजला आहे. मागच्या भिंतीवर पूर्वी राजघराण्याच्या मूर्ती होत्या. त्यांच्या डोक्यावर कोरलेल्या नावांत 'देवी नायनिका' आणि 'सातकर्णी' ही नावं राहिली, म्हणून अभ्यासकांनी लेख तिचा असं ठरवलं. मूर्ती गेल्या, पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. राणी असून, दगडात कोरून ठेवूनही बाईचं नाव असं हातातून निसटता निसटता वाचलं.

राणीचं सोडा, आपल्या कल्याणच्या एका बाईचं सांगतो. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत, म्हणजे ठाण्याच्या येऊरला लागून असलेल्या त्याच जंगलात, दामिला नावाच्या भिक्षुणीच्या दानाचा लेख आहे. ती कल्याणची, अशी नोंद त्यात आहे. एका ओळीएवढीच तिची ओळख, पण आपल्या गावची बाई म्हणून आम्हाला ती जवळची वाटते.

नाणेघाटातून खाली उतरताना एकदा आम्हाला डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक मावशी भेटली. आम्ही तिला वाट दिली. ती थांबली, मोळी टेकवली आणि आम्हाला वरच्या दगडी रांजणाबद्दल विचारलं. आम्ही पुस्तकात वाचलेलं सांगितलं, त्यात जकातीची नाणी टाकत असं म्हणतात. ती हसली. म्हणाली, "नाणी तुम्ही मोजा. आमच्या सासूबाई सांगायच्या त्या उन्हाळ्यात पाणी कुठं मिळायचं ते." मग तिने कातळातल्या टाक्या, सावलीच्या जागा, पावसाळ्यात कुठला दगड निसरडा होतो, सगळं सांगितलं. आमच्या फोनमधल्या कुठल्याच भागात ते नव्हतं. कान बंद ठेवून उतरलो असतो, तर तिच्या शेजारून तसेच निघून गेलो असतो.

त्या दिवशी आम्हाला कळलं, की काय ऐकायचं एवढाच प्रश्न नाही. कोणाचं बोलणं जपून ठेवलं जातं, हाही प्रश्न आहे. आपल्या देशात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तरी स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचा परवाना मिळू लागला तो २००६ च्या धोरणानंतर. २००८ मध्ये तेलंगणात दलित शेतकरी बायकांनी संगम रेडिओ सुरू केला. त्याच साली आपल्या साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशी तरंग सुरू झाला. ज्या बायका पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या ऐकत होत्या, त्यांच्या हातात माईक आला.

म्हणून आमची पद्धत आता अशी आहे. जाताना बसमध्ये पॉडकास्ट. चढताना काहीच नाही. वर गुहेत बसून एकीने नागनिकेच्या लेखाचा मराठी अर्थ मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा. उतरताना कोणी मावशी, आजी भेटली आणि बोलावंसं वाटलं, तर आधी विचारायचं, "मावशी, तुमचं बोलणं फोनवर घेऊ का?" नाही म्हणाली, तर फोन खिशात आणि नुसतं ऐकायचं. हो म्हणाली, तर ती सांगेल ते नाव लावून ठेवायचं आणि पुढच्या खेपेला तिला तिचाच आवाज ऐकवायचा.

त्या मोळीवाल्या मावशीचं बोलणं आम्ही घेतलं नाही, नावही विचारायचं राहिलं. ही चूक आमचीच. पुढच्या रविवारी पुन्हा जातोय. येणार असाल तर पाण्याची बाटली दोन घ्या, पोळीभाजी थोडी जास्त घ्या. आणि कान मोकळे ठेवा.