गाठी आल्या म्हणजे लम्पीच असं नाही. जनावराचा रोग नेमका कुठला, ते पीसीआर तपासणी कसं ठरवते?

कळंबा (ता. करवीर) : गाईच्या अंगावर चार गाठी उठल्या की गोठ्यात पहिला शब्द निघतो तो लम्पी. २०२२ च्या साथीचा धसका पशुपालकांनी घेतलाय, त्यात नवल नाही. पण गाठी माश्या चावूनही येतात, औषधाची अॅलर्जी होऊनही येतात. शिवाय हर्पिस गटातल्या एका विषाणूमुळेही तशाच गाठी येतात. त्या रोगाचं नावच स्यूडो लम्पी, म्हणजे खोटा लम्पी. त्यात गाठी वरवरच्या असतात आणि जनावर बहुतेक वेळा आपोआप बरं होतं. अनुभवी डॉक्टर लक्षणं बघून अंदाज बांधतात, तो बऱ्याचदा बरोबरही निघतो. पण पक्की खात्री पीसीआर तपासणीनंच होते.

कोरोनात नाकातला स्वॅब घेऊन जी तपासणी झाली, तीच ही पद्धत. प्रत्येक विषाणू, जिवाणू आणि जंताच्या अंगात त्याची स्वतःची जनुकीय अक्षरं असतात. नमुन्यात विषाणू अगदी थोडा असला तरी त्याच्या जनुकाचा ठरावीक तुकडा यंत्रात दुप्पट, चौपट करत वाढवला जातो. यंत्र नमुना आधी सुमारे ९५ अंशांवर तापवतं, मग थंड करतं, पुन्हा तापवतं. असे ३० फेरे झाले की एका तुकड्याच्या १०० कोटींवर प्रती होऊ शकतात. तुकडा वाढला तर विषाणू आहे. अमेरिकेतल्या कॅरी मलिस यांनी १९८३ मध्ये ही युक्ती शोधली, १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

लम्पी पहिल्यांदा १९२९ मध्ये आफ्रिकेत आजच्या झांबियात दिसला. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात सापडला, २०२० मध्ये गडचिरोलीमार्गे महाराष्ट्रात आला आणि २०२२ मध्ये राज्यभर पसरला. याचा विषाणू मेंढीच्या आणि शेळीच्या देवीच्या विषाणूचा सख्खा भाऊबंद. म्हणूनच शेळीच्या देवीची लस गाईंना टोचली गेली. पण याच भाऊबंदकीमुळे रक्तातली प्रतिकारशक्ती तपासून हे तिघे वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी जनुकच बघावं लागतं. लम्पी माणसाला होत नाही, हेही इथं सांगितलेलं बरं. साथीच्या काळात उगाच दुधावर संशय घेतला गेला.

लाळ्या खुरकूतमध्ये नुसतं रोगाचं नाव कळून भागत नाही. आपल्याकडं त्याचे ओ, ए आणि एशिया-१ असे तीन प्रकार मानले जातात आणि लसीत तिन्ही घालतात. एका प्रकाराची लस दुसऱ्याला अडवत नाही. त्यामुळं कुठला प्रकार फिरतोय यावर प्रयोगशाळांना सतत लक्ष ठेवावं लागतं.

जंतांचं दुखणं वेगळं. शेळीचं रक्त पिणारा हिमॉन्कस आणि पोटातले इतर गोल जंत यांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास सारखीच दिसतात. अंडी उबवून अळ्या ओळखायला आठवडाभर जातो, जनुकीय तपासणीत तेच काम लवकर होतं. अल्बेंडाझोलसारख्या औषधाला जंत दाद का देत नाहीत, तेही जनुकात दिसतं. त्यातलं एक अक्षर बदललं तरी औषध लागू पडत नाही. ही तपासणी तालुक्याच्या दवाखान्यात होत नाही. पण औषधाआधी आणि नंतर १० ते १४ दिवसांनी लेंड्या तपासून अंडी मोजून घेतली तर औषध चाललं की नाही ते कळतं. दर पावसाळ्यात तेच औषध डोळे झाकून पाजण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

आता नमुन्याचं. इथंच जास्त घोळ होतो. लम्पीचा विषाणू रक्तात थोडेच दिवस सापडतो, गाठीत आणि खपलीत मात्र बराच काळ टिकतो. वाळलेल्या खपलीत तो महिनाभरसुद्धा जिवंत राहतो. म्हणून खपली किंवा गाठीचा तुकडा हा चांगला नमुना. तो स्वच्छ डबीत, बर्फाच्या पेटीतून जायला हवा. फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला तुकडा पीसीआरला नीट चालत नाही, कारण जनुकच खराब होतं. नमुना डॉक्टरांनीच घ्यावा, घरी गाठ फोडू नये. गळून पडलेल्या खपल्या उकिरड्यावर न टाकता जाळाव्यात.

डॉक्टरांकडून नमुना पुढं पुण्यात औंधच्या पशुसंवर्धन खात्याच्या रोग अन्वेषण प्रयोगशाळेत जातो. अतिघातक रोगांसाठी भोपाळची राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था आहे. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात कोंबड्या मेल्या, तेव्हा बर्ड फ्लूचं निदान भोपाळलाच झालं होतं.

निदानावर पैसाही अवलंबून असतो. लम्पीनं मेलेल्या दुभत्या गाईला ३० हजार, ओढकामाच्या बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार अशी मदत राज्य सरकारनं २०२२ मध्ये जाहीर केली होती. मेलेलं जनावर कुणाला न कळवता पुरलं, तर ते कशानं मेलं हे नंतर दाखवणार कसं? २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार ठरावीक साथरोगांचा संशय आला तरी पशुपालकानं कळवणं बंधनकारक आहे. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगावं किंवा १९६२ ला फोन करावा. अहवाल येईपर्यंत जनावर वेगळं बांधावं, त्याची वैरण आणि पाण्याची बादली वेगळी ठेवावी आणि संध्याकाळी गोठ्यात धूर करावा.