सोळा किलोबाइटांची परवानगी

२३ एप्रिल १९८२ रोजी केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च या कंपनीने 'झेडएक्स स्पेक्ट्रम' हा घरगुती संगणक जाहीर केला. १६ किलोबाइट मेमरीचा हवा असेल तर १२५ पौंड, ४८ किलोबाइटचा हवा असेल तर १७५. रबरी बटणं, पडद्याच्या जागी घरचा टीव्ही आणि प्रोग्रॅम साठवायला साधा कॅसेट रेकॉर्डर. भारतातही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने रीतसर परवान्याने तो 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकला. १९९२मध्ये मूळ स्पेक्ट्रमचं उत्पादन थांबलं.

आज तो लॅपटॉपवर पाच मिनिटांत सुरू करता येतो. 'फ्यूज' नावाचा मुक्तस्रोत इम्युलेटर आहे. फिलिप केंडल यांनी १९९९मध्ये तो लिहायला घेतला, पुढे अनेकांनी त्यात भर घातली. तो उघडला की पांढरा पडदा येतो आणि खाली एकच ओळ दिसते: सिंक्लेअर रिसर्च, १९८२. 'जे' दाबलं तर 'जे' उमटत नाही, थेट 'लोड' हा अख्खा शब्द उमटतो. मूळ यंत्रात एकेका बटणावर बेसिक भाषेचे अख्खे शब्द बसवले होते, म्हणजे त्या रबरी बटणांवर कमी टाइप करावं लागे. मग टेपची फाइल निवडायची. कडेला रंगीत पट्टे धावू लागतात, किरकिर ऐकू येते आणि चित्र तुकड्यातुकड्याने भरत जातं.

वरवर पाहता ही जादू सोपी वाटते. स्पेक्ट्रमचा झेड-८० प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झवर चाले. आजच्या प्रोसेसरला तेवढं काम म्हणजे काहीच नाही. पण इथे वेगापेक्षा वक्तशीरपणा अवघड असतो. टीव्हीवरच्या एका चित्रासाठी ४८ किलोबाइटच्या स्पेक्ट्रमला बरोबर ६९,८८८ ठोके लागतात. पडद्यावरचं चित्र रॅमच्या पहिल्या १६ किलोबाइटांत राहतं आणि ते टीव्हीला पाठवणारी यूएलए ही चिप मेमरीचा तोच भाग वाचत असते. त्या वेळी प्रोसेसरलाही तोच भाग हवा असेल, तर त्याला थांबावं लागतं. त्या काळचे गेम लिहिणारे हे थांबणं मोजून घेत आणि अचूक ठोक्याला कडेचा रंग बदलत. इम्युलेटरने ठोके चुकवले तर त्यांचं ते कसब पडद्यावर विस्कटून जातं.

ही मोजमापं कुठल्या पुस्तिकेत तयार मिळाली नाहीत. जगभरातल्या हौशी लोकांनी जिवंत यंत्रांवर प्रयोग करून ती शोधली. झेड-८०मध्ये एक लपलेलं रजिस्टर आहे. उत्पादकाच्या पुस्तिकेत त्याचा उल्लेखही नाही. निरुपयोगी मानल्या गेलेल्या दोन बिटांवर त्याची सावली पडते, एवढ्यावरून रशियन हौशींनी त्याचं वागणं उलगडलं. हे सगळं ज्ञान मोकळं आहे. यंत्र कसं वागतं ते पाहून तसंच वागणारा प्रोग्रॅम लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

रॉमचं मात्र तसं नाही. स्पेक्ट्रमच्या रॉममध्ये १६,३८४ बाइट आहेत. त्यातला बराचसा भाग केंब्रिजच्याच नाइन टाइल्स या कंपनीसाठी काम करणाऱ्या स्टीव्ह व्हिकर्स यांनी लिहिला. ते माणसाने लिहिलेलं लेखन आहे, चुकांसकट. प्रोसेसरला मध्येच थांबवण्याची जी सोय आहे, तिथे एक अट उलटी पडली आहे: पत्ता शून्य नसेल तर तिथे उडी मारायची असावी, पण प्रत्यक्षात शून्य असेल तरच उडी मारली जाते. इम्युलेटरमध्ये ती चूक जशीच्या तशी आहे आणि असायलाच हवी. ती दुरुस्त केली की ते दुसरंच यंत्र होईल.

आणि लेखन म्हटलं की मालकी आली. एप्रिल १९८६मध्ये अॅमस्ट्रॅडने ५० लाख पौंडांना सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय विकत घेतला, त्याबरोबर रॉमचा हक्कही गेला. १९९९मध्ये अॅमस्ट्रॅडने सांगितलं की हक्क आमचाच राहील, पण इम्युलेटरसोबत रॉम वाटायला हरकत नाही. फ्यूज आज सहज चालतो तो या होकारामुळे. तरीही डेबियन या लिनक्स प्रणालीत इम्युलेटर मुक्त विभागात आणि रॉम वेगळ्या, 'मुक्त नसलेल्या' विभागात ठेवला आहे. कमोडोर ६४चा 'व्हाइस' हा इम्युलेटर डेबियनमध्ये रॉमविनाच मिळतो. तो स्थापित केला तरी रॉम आपला आपण आणावा लागतो. स्पेक्ट्रमसाठी 'ओपनएसई बेसिक' ही नव्याने लिहिलेली मुक्त रॉम आहे, पण काही जुने प्रोग्रॅम मूळ रॉममधल्या ठरावीक पत्त्यांवर थेट जातात आणि पर्यायी रॉमवर अडखळतात.

म्हणजे ज्या यंत्राने एका पिढीला प्रोग्रॅमिंग शिकवलं, त्याचा इतिहास एका कंपनीच्या होकारावर उभा आहे. या वेळी होकार मिळाला. पण पुढची पिढी आपली आजची यंत्रं चालवून पाहू इच्छील, तेव्हा रॉमच्या जागी दूरच्या सर्व्हरवरचा कोड असेल. तो बंद पडल्यावर होकार देणाराही उरला नाही, तर कुणाकडे मागायचा?

आणखी एक गोष्ट कुठल्याच परवानगीने परत मिळत नाही. विकले गेलेले गेम १९९५पासून 'वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रम'सारख्या संग्रहांनी गोळा केले. स्वयंसेवकांनी प्रकाशकांची संमती मागितली, काहींनी ती नाकारलीसुद्धा. पण शाळकरी मुलांनी वहीत आखून, टाइप करून कॅसेटवर उतरवलेल्या प्रोग्रॅमांना ना प्रकाशक, ना संग्रह. त्यांच्या बाबतीत अडचण कायद्याची नाही, पावसाळ्याची आहे. दमट हवेत टेपला बुरशी येते आणि चुंबकीय थर सुटू लागतो.

तुमच्या माळ्यावर 'डीबी'च्या काळातली कॅसेट असेल, तर ती आधी स्वच्छ करून घ्या, चांगल्या टेपरेकॉर्डरवर लावा आणि आवाज संगणकावर रेकॉर्ड करा. फ्यूजच्या जोडीला मिळणाऱ्या साधनांमध्ये 'ऑडिओ टू टेप' नावाचं एक आहे. ते त्या किरकिरीतून बाइट वेगळे काढून टेपची फाइल बनवतं. ती फ्यूजमध्ये उघडा आणि 'जे' दाबा.