खांदा न मिळालेल्यांचा शोक : दुष्काळ, प्लेग आणि पंडिता रमाबाई

रॉयल वाइल्डर यांनी 1852 मध्ये कोल्हापुरात अमेरिकन मिशनच्या कार्यास आरंभ केला. तेव्हापासूनचा दक्षिण महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास प्रामुख्याने धर्मांतराच्या नोंदींतून वाचला गेला आहे. शतकाच्या अखेरीस दुष्काळ आणि प्लेग ही अरिष्टे पाठोपाठ आली. शाहू छत्रपतींनी संस्थानात स्वस्त धान्याची दुकाने उघडली, प्लेगच्या साथीत लोकांना वस्तीबाहेर हलविले. मिशनांनी अनाथ मुले सांभाळली. दोन्हीकडच्या दप्तरांत मदतीचे हिशेब आहेत, शोकाची नोंद नाही. तिचा माग काढायचा तर पुणे-केडगावकडे वळावे लागते. कारण भुकेने आप्त गमावलेली व्यक्तीच तेथे लेखिका आहे.

1874 च्या सुमारास दक्षिण हिंदुस्थानातील दुष्काळात अनंतशास्त्री डोंगरे, त्यांची पत्नी लक्ष्मीबाई आणि थोरली मुलगी असे एकाच कुटुंबातील तिघे गेले. धाकटी रमा तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची होती. तिच्या आईच्या अंत्ययात्रेची हकीकत नोंदली गेली आहे. खांदा द्यायला माणसे मिळेनात. अखेर दोन ब्राह्मणांना दया आली, आणि उंची कमी पडल्याने तिने आपल्या वाट्याचा भार डोक्यावर वाहिला. समीक्षेने तिच्या आत्मनिवेदनाकडे केवळ मतांतराची कैफियत म्हणून पाहावे, हे आश्चर्यच. बाप्तिस्मा 1883 चा. शोक त्याआधी नऊ वर्षांचा आहे.

हिंदू समाजातील शोकाला नातलगांचा आधार लागतो. सुतक, पिंड, तेरावा या साऱ्यांसाठी मागे कोणीतरी उरावे लागते. दुष्काळ नेमके तेच नाहीसे करतो, आणि 1897 च्या पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताने घरातील आजाऱ्यालाही घरच्यांपासून तोडले. त्या वर्षी रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये प्लेगच्या इस्पितळातील स्त्रियांच्या असुरक्षिततेविषयी जाहीर तक्रार केली. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी तिचे खंडन केले, तरी सरकार आणि मिशन यांना एकाच पारड्यात घालणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात घ्यावयास हवा. त्याच सुमारास मध्य प्रांतातील दुष्काळग्रस्त मुली त्यांनी आणल्या. 1900 मध्ये गुजरातेतील मुलींची भर पडली. ‘पोटासाठी बाटल्या’ हा त्यांच्यावरचा शेरा सर्वश्रुत आहे. पोट भरल्यानंतर त्या कशासाठी रडल्या, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

हा प्रश्न 1905 च्या जूनमध्ये अटळ होतो. मुक्ती सदनात शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या. मिशनरी वृत्तान्तांनी यास पवित्र आत्म्याचे कार्य म्हटले, टीकाकारांनी उन्माद म्हटले. श्रद्धावंतांचा अनुभव नाकारण्याचे कारण नाही. तरीही ज्यांच्यासाठी कोणी सुतक पाळले नव्हते अशा मृतांचा सामुदायिक विलाप येथे प्रथमच मोकळा झाला, असे वाचन अधिक सयुक्तिक वाटते. पापाच्या पश्चात्तापाची भाषा त्यांना उपलब्ध झाली होती. तिच्यात आईबापांचे रडेही सामावले असणार. हे अनुमानच आहे. मुलींची साक्ष आज मुख्यतः इतरांच्या लेखणीतून, बहुधा इंग्रजीतून हाती येते, आणि तिची मूळ मराठी त्या भाषांतरात विरून गेली आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तील (1934 ते 1936) प्लेगची चित्रे यामुळेच वेगळी ठरतात. तेथे मराठी बोलणे शाबूत आहे, भीतीलाही विनोद सुटत नाही. मात्र लक्ष्मीबाईंना घर होते. मुक्तीतील मुलींना ते नव्हते.

रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक अभ्यासून बायबलचे सबंध भाषांतर केले, तेही अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशा, संस्कृतप्रचुरता टाळणाऱ्या मराठीत. 1922 मध्ये त्या निवर्तल्या. ग्रंथ 1924 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची छपाई केडगावच्या छापखान्यात झाली, आणि तेथील कामकरी मुक्तीतल्याच स्त्रिया होत्या. उद्ध्वस्त यरुशलेमवरचा विलाप, त्यातील भुकेल्या लेकरांसह, त्यांच्याच हातून कागदावर उतरला.