माहीमला जाणारी पत्रं

पत्ता वाचताना मराठी माणूस थबकतो : ‘माहीम’, मंकमूर रोड, श्रुजबरी. इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यात रेल्वेत नोकरी करणाऱ्या टॉम ओवेन यांच्या घराचं हे नाव. त्यांचा थोरला मुलगा विल्फ्रेड फ्रान्सच्या आघाडीवरून याच घरी आईला पत्रं लिहायचा. त्याची साडेसहाशेहून अधिक पत्रं पुढे छापली गेली. त्यांतली पाचशेहून जास्त एकट्या आईला, सुझनला लिहिलेली आहेत. आज जग त्याला पहिल्या महायुद्धाचा कवी म्हणून ओळखतं. १९१८ च्या शरदात मात्र तो मॅन्चेस्टर रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनमधला २५ वर्षांचा अधिकारी होता आणि त्याच्या अगदी मोजक्याच कविता छापून आल्या होत्या.

मायलेकांची एक खूण ठरलेली होती. सैनिकांना एक छापील कार्ड मिळे. त्यावरची लागू नसलेली वाक्यं खोडायची, बाकी एक अक्षरही लिहायचं नाही. ‘मला मागच्या तळावर पाठवलं जात आहे’ हे वाक्य विल्फ्रेडनं दोन रेघांनी खोडलं, की आईनं समजायचं : पोरगं पुढच्या फळीत आहे. सेन्सॉरला दिसायची नुसती खाडाखोड. आईला त्यातून मुलगा कुठे आहे ते कळायचं.

३१ ऑक्टोबर १९१८, गुरुवार, संध्याकाळी ६.१५

ऑर्स गावाजवळच्या जंगलात वनरक्षकाचं एक विटांचं घर आहे. त्याच्या तळघरात विल्फ्रेड आईला लिहायला बसलाय. जागा इतकी कमी की कुणाचा तरी कोपर लागून लेखणी सारखी हलते. धूर इतका की वीतभर अंतरावरच्या मेणबत्तीच्या उजेडातही नीट दिसत नाही. एकजण बाकावर घोरतोय, स्वयंपाकी ओली लाकडं फोडतोय, एक जुना शिपाई बटाटे सोलून पातेल्यात टाकतोय आणि पाणी उडतंय. बाहेर तोफा चालू आहेत, पण त्यांच्याकडे माझं लक्षच नाही, असं तो आईला कळवतो. इथे धोका नाही; असलाच तर हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत तो टळलेला असेल, असंही लिहितो. शेवटी तो आपल्याभोवतीच्या सोबत्यांबद्दल लिहितो. यांच्याइतकी चांगली माणसं तुला भेटायला येणं शक्यच नाही, असं तो तिला सांगतो.

मला हे पत्र पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं ते त्यातल्या बटाट्यांसाठी. याच महिन्याच्या सुरुवातीला झुआँकूरजवळच्या हल्ल्यात डोक्यात गोळी लागलेला एक पोरगा अर्धा तास त्याच्या अंगावर पडून होता, रक्तानं त्याचा खांदा भिजला होता. खांद्यावरच्या त्या रक्ताबद्दल त्यानं आईलाही लिहिलं होतं. त्याच लढाईतल्या कामगिरीसाठी त्याच्या नावाची मिलिटरी क्रॉससाठी शिफारस झाली. आईपासून त्यानं युद्ध लपवलं नाही. म्हणूनच त्या धुरकट खोलीतला त्याचा आनंद खरा वाटतो.

३ नोव्हेंबर, रविवार, रात्र

ऑस्ट्रिया-हंगेरीनं आज युद्धविराम पत्करला. जर्मनीनं तर महिनाभरापूर्वीच अमेरिकेच्या अध्यक्षांकडे तहाची विनंती केली आहे. शेवट जवळ आलाय हे सगळ्यांना कळतंय. तरी रात्रीच्या अंधारात बटालियन साँब्र-वाझ कालव्याच्या दिशेनं सरकते. पलीकडच्या काठावर जर्मन मशीनगन आहेत. त्यांच्यासमोर तरंगता पूल जोडायचा आणि पलीकडे जायचं, असा बेत आहे.

४ नोव्हेंबर, सोमवार, पहाटे ५.४५

धुकं आहे. तोफांचा मारा सुरू होतो, थोड्या वेळानं पुढे सरकतो, आणि तो पुढे सरकताच पलीकडच्या बंधाऱ्यामागून मशीनगन सुरू होतात. रॉयल इंजिनियर्सच्या २१८ व्या फील्ड कंपनीचे जवान बुचाच्या तरंगत्या जोडण्या पाण्यात ढकलताहेत. थोड्याच वेळात त्यांतले बहुतेक मरून किंवा जखमी होऊन पडतात. मेजर आर्नल्ड वॉटर्स आणि सॅपर अ‍ॅडम आर्किबल्ड गोळ्यांच्या माऱ्यात पूल बांधत राहतात. सेकंड लेफ्टनंट जेम्स कर्क तराफा वल्हवत, लुइस गन घेऊन शत्रूच्या जवळ जातो. गोळ्या संपेपर्यंत मारा करतो, आणखी गोळ्या मागवतो, तोंडाला आणि हाताला जखमा होऊनही मारा थांबवत नाही. शेवटी डोक्यात गोळी लागून पडतो. शेजारच्या लँकेशायर फ्युजिलियर्सचे लेफ्टनंट कर्नल जेम्स मार्शल काठावर उभे राहून माणसांना धीर देतात आणि तिथेच मारले जातात. या एवढ्याशा पट्ट्यात त्या सकाळी चौघांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले. त्यांतला कर्क ओवेनच्याच बटालियनमधला.

सकाळी ६ च्या पुढे

ओवेन काठावर एका जवानाकडून दुसऱ्याकडे जात होता. खांद्यावर थाप मारत ‘छान चाललंय, पोरा’ असं म्हणत होता. वाचलेल्या माणसांनी सांगितलेली ही शेवटची आठवण. पाण्याच्या कडेशी, पूल जोडणाऱ्या आपल्या माणसांमध्येच गोळी लागून तो गेला.

पूल कसाबसा जुळला, थोडे लोक पलीकडे गेले आणि तोफगोळ्यानं तो पुन्हा तुटला. इथला हल्ला थांबवावा लागला. ऑर्सच्या दक्षिणेला डॉरसेट रेजिमेंटला वाट मिळाली होती; मॅन्चेस्टरचे उरलेले जवान तिथून पलीकडे गेले. त्या दिवशी ब्रिटिश सैन्यानं सबंध आघाडीवर मुसंडी मारली, लढाई जिंकली. हे खरं असलं, तरी त्या काठाचा विचार करताना माझ्या गळ्याशी आवंढा येतो. विनवण्या आणि वाटाघाटींचे कागद फिरत असताना, समोरासमोरच्या मशीनगनपुढे पोरांना फळ्या जोडायला लावायची ही घाई मला कधीच पटलेली नाही.

४ नोव्हेंबरची दुपार ते १० नोव्हेंबर

या सहा-सात दिवसांत श्रुजबरीच्या घरात विल्फ्रेड जिवंत आहे. आघाडीवरचं टपाल घरी पोचायला काही दिवस घेतं, आणि मृत्यूची बातमी रेजिमेंटच्या, मग युद्ध खात्याच्या कचेऱ्यांतून फिरत येते. तोवर आईच्या मनात तो धुरकट तळघरात बसलाय, लाकडं फोडणाऱ्या स्वयंपाक्याशेजारी.

तिकडे ७ तारखेच्या संध्याकाळी जर्मन प्रतिनिधी मोटारीनं फ्रेंच फळी ओलांडतात. ८ ला काँपियेन्यच्या जंगलात उभ्या असलेल्या रेल्वेच्या डब्यात मार्शल फॉश त्यांना अटी ऐकवतात. उत्तराला ७२ तासांची मुदत मिळते. तोफा तोवर चालूच राहतात.

११ नोव्हेंबर, सोमवार, पहाटे ५ च्या सुमारास

त्याच डब्यात सह्या होतात.

सकाळी ११

पश्चिम आघाडीवर तोफा थांबतात. कालव्याकाठच्या त्या पहाटेला सात दिवस आणि काही तास झालेत. इंग्लंडभर देवळांच्या घंटा वाजू लागतात. श्रुजबरीतही वाजतात.

दुपारी १२

घंटा अजून थांबलेल्या नाहीत. ‘माहीम’च्या दारात तार येते.

पुढे

आपण परतलो नाही तर न वाचता जाळून टाक, म्हणून त्यानं एक पोतंभर कागद आईकडे दिले होते. तिनं शब्द पाळला. पत्रं मात्र ठेवली, आणि त्या पत्रांतूनच आज तो आपल्याशी बोलतो. ऑर्सच्या गावच्या स्मशानात, कर्क आणि मार्शल यांच्याजवळच, त्याची कबर आहे. दगडावर तिनं त्याच्याच कवितेतले शब्द कोरायला दिले. मूळ ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं. दगडावर ते नाही. त्यामुळे मुलाची शंका तिथे आईच्या श्रद्धेसारखी वाचली जाते. काही अभ्यासक तिला याबद्दल दोष देतात. मला तिला दोष देववत नाही.

१ ऑगस्ट १९२०

सुझन ओवेन एका भारतीयाला पत्र लिहिते. रवींद्रनाथ ठाकूर लंडनमध्ये असल्याचं कळल्यापासून ती धीर गोळा करत होती. जवळजवळ दोन वर्षांपूर्वी मुलगा शेवटचा निघाला, तेव्हा दोघं उन्हात चमकणाऱ्या समुद्रापलीकडे फ्रान्सच्या दिशेनं बघत उभी होती. त्या वेळी त्यानं ‘गीतांजली’तल्या ओळी म्हटल्या. पुढे त्याची खिशातली वही घरी आली, तेव्हा त्यात त्याच्या अक्षरात त्याच ओळी निघाल्या, खाली ठाकुरांचं नाव. वर्षानुवर्षं मुलाची पत्रं घेणारी ही बाई आता एका अनोळखी कवीला विचारते, की ती संपूर्ण कविता आपल्या कोणत्या पुस्तकात मिळेल, एवढं कृपा करून कळवाल का?