बाँबवर्षावांतील लंडन आणि रोजनिश्यांची साक्ष

युद्धाचा इतिहास बहुधा सेनापतींच्या नांवांनीं लिहिला जातो. कोणतें ठाणें कधीं पडलें, किती जहाजें बुडालीं, याची नोंद सरकारी दप्तरांत बिनचूक सांपडते. परंतु डोक्यावर बाँब पडत असतां सामान्य गृहस्थाच्या घरीं चहा कसा झाला, मुलें कोठें निजलीं, सकाळीं कामावर जाण्याची वाट कोणती उरली, हें त्या दप्तरास ठाऊक नसतें. ही माहिती क्षुल्लक वाटते. पण तिच्या अभावीं केवढा अनर्थ ओढवतो, हें लंडन शहराच्या उदाहरणावरून दिसून येतें.

दि. ७ सप्टेंबर १९४० रोजीं जर्मन विमानांनीं लंडनवर मोठा हल्ला चढविला. पुढें सुमारें दोन महिने बहुतेक प्रत्येक रात्रीं शहरावर बाँब पडले, आणि मे १९४१ पर्यंत हा क्रम कमीअधिक प्रमाणांत चालू राहिला. इंग्रज लोक या पर्वास ‘ब्लिट्झ’ म्हणतात. त्यांत ब्रिटनमधील ४०,००० हून अधिक नागरिक मृत्यु पावले. त्यांपैकीं जवळजवळ निम्मे लंडनचे होते.

युद्धापूर्वीं सरकारचा कयास असा होता कीं, हल्ले सुरू होतांच असंख्य लोक मरतील आणि जे जगतील त्यांपैकीं पुष्कळांचीं मनें भ्रमिष्ट होतील. इस्पितळांतील खाटा त्या हिशेबानें राखून ठेविल्या होत्या. प्रत्यक्षांत मृत्यु अंदाजाहून पुष्कळच कमी झाले, वेडाची सांथ आलीच नाहीं. मात्र निराश्रितांची रीघ लागली. रिचर्ड टिटमस यांनीं १९५० मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘प्रॉब्लेम्स ऑफ सोशल पॉलिसी’ या ग्रंथांत हा सर्व ताळेबंद मांडला आहे. हल्ले थांबले तोंपर्यंत लंडन विभागांतील दर ६ माणसांपैकीं एकावर केव्हां ना केव्हां बेघर होण्याची पाळी आली होती. मेलेल्यांची तजवीज होती. जिवंत माणसास गरम जेवण, कोरडे कपडे आणि हरवलेल्या शिधापत्रिकेऐवजीं दुसरी कोठें मिळावी, याची तजवीज अपुरी होती.

कॅनिंग टाऊन या गोदी-कामगारांच्या वस्तींत याची भयंकर प्रचीति आली. घरें गमावलेलीं कुटुंबें एका शाळेंत आणून ठेविलीं होतीं. त्यांना हलविण्यासाठीं यावयाच्या मोटारगाड्या वेळेवर आल्या नाहींत, आणि १० सप्टेंबरच्या पहांटे त्या शाळेवरच बाँब पडला. सरकारी नोंदींत मृतांचा आकडा ७० च्या घरांत राहिला. वस्तींतले लोक तो शेंकड्यांनीं सांगत. रिची काल्डर या वृत्तपत्रकारानें सरकारच्या या अनास्थेवर कडक टीका केली आणि १९४१ मध्येंच ‘द लेसन ऑफ लंडन’ हें पुस्तक लिहून त्या वेळच्या चुका लोकांपुढें मांडल्या.

घरगुती जीवनाची साक्ष मात्र रोजनिश्यांत मिळते. नॉटिंग हिल भागांत एका धर्मादाय संस्थेंत काम करणाऱ्या व्हेअर हॉजसन या बाईंची रोजनिशी १९७६ मध्यें निघाली. तिच्या नांवाचा अर्थच ‘अंडीं थोडीं, संत्रीं नाहींत’ असा आहे. रात्रीं शेजारीं कोठें बाँब पडला आणि बाजारांत आज काय मिळालें, या दोन्ही वार्ता तींत सारख्याच शांतपणें नोंदलेल्या आहेत. ज्या काळीं माणशीं आठवड्यास २ औंस चहा मिळे, त्या काळीं अंड्याची नोंद हाहि इतिहासच होय.

छायाचित्रें पाहून पुष्कळांचा समज होतो कीं, सारें लंडन भुयारी रेल्वेच्या फलाटांवर निजत असे. नोव्हेंबर १९४० मधील मोजणी वेगळें सांगते. मध्य लंडनांतील शेंकडा ४ लोक भुयारी स्थानकांत, ९ सार्वजनिक आश्रयस्थानांत व २७ घरगुती आश्रयस्थानांत आढळले. उरलेले बहुतेक आपल्या घरांतच राहिले होते.

स्मरणशक्तीचाहि असाच भरंवसा धरतां येत नाहीं. सामान्य जनांचें जीवन टिपण्यासाठीं १९३७ मध्यें निघालेल्या ‘मास ऑब्झर्व्हेशन’ या संस्थेचे एक संस्थापक टॉम हॅरिसन यांनीं पुष्कळ वर्षांनंतर जुन्या निरीक्षकांकडून त्या दिवसांच्या आठवणी लिहवून घेतल्या आणि त्यांच्याच जुन्या टिपणांशीं ताडून पाहिल्या. दोहोंत फार तफावत निघाली. काळाबरोबर भीति, कंटाळा व चडफड गळून जाऊन धैर्य तेवढें उरलें होतें. रिची काल्डर यांचे पुत्र अँगस यांनीं १९६९ मध्यें ‘द पीपल्स वॉर’ हा लोकजीवनाचा मोठा इतिहास लिहिला, आणि १९९१ मधील ‘द मिथ ऑफ द ब्लिट्झ’ या ग्रंथांत ही धैर्यगाथा कशी रचली गेली याची चिकित्सा केली.

याचा अर्थ लंडनकर धीराचे नव्हते असा नाहीं. रात्र जागून सकाळीं कांचांच्या ढिगांतून कामावर जाणें हा धीरच होता. परंतु त्याच्या स्तुतीखालीं शाळेंत मोटारींची वाट पाहत बसलेलीं कुटुंबें झांकलीं जाऊं नयेत. गौरवगाथा समारंभास उपयोगी पडते. पण घर पडलेल्या बाईला चहाचा पेला कोणीं व कोठें द्यावा, हें ज्यास पुढील प्रसंगीं ठरवावयाचें असेल, त्यानें या रोजनिश्या आधीं वाचाव्या.